भुकेची गाडी फलाटाला लागेना

माझी बायको म्हाळसाबाई गेली हे गावाला त्याच सकाळी कळलं. माझी भूक गेली हे मात्र कळायला स्वातंत्र्यदिन उजाडावा लागला, आणि तेही सगळ्या गावादेखत.

मी एसटीतला निवृत्त वाहतूक नियंत्रक. धाराशिवच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसून गाड्या सोडण्यात माझी नोकरी झाली. घर तेरला. निवृत्त माणसाला गावात दोनच मान मिळतात. एक, मयतीत सरण रचताना सल्ला द्यायचा आणि दुसरा, झेंडावंदनाला पुढच्या रांगेत उभं राहायचा. पहिला मान मी ज्येष्ठात माझ्याच घरच्या मयतीत घेऊ शकलो नाही. दुसरा घ्यायला शाळेच्या मैदानावर गेलो.

निरोपसमारंभाला शिवलेली राखाडी पँट घातली होती. पट्टा नव्हता. आदल्या वर्षी पट्टा शेवटच्या भोकापर्यंतही पोचेना, म्हणून म्हाळसानं तो कुणाला तरी देऊन टाकला होता. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत सुरू झालं, मी सावधान उभा राहिलो आणि पँट खाली निघाली.

आता अशा वेळी माणसानं काय करावं हे कुठल्याच परिपत्रकात नाही. हात हलवावा तर राष्ट्रगीताचा अपमान. न हलवावा तर माझा. मी पोट फुगवून बघितलं. फुगवायला पोट नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पोट कुठंतरी गेलं आहे. गुडघे एकमेकांना दाबून धरले, पँट तिथं थांबली. पोरं बघत होती, मास्तर बघत होते, आणि उत्तरेश्वर भुसारवाला हातातला मोबाईल खाली न घेता बघत होता. गीत संपेपर्यंत मी तसाच राहिलो. मग जयजयकाराला सगळ्यांचे हात वर गेले, सवयीनं माझाही गेला, आणि गुडघे सुटले.

हेडमास्तर भाषणात म्हणाले, "कंट्रोलरसाहेबांची पँट सुटली, पण सावधान सुटलं नाही. विद्यार्थ्यांनी हा आदर्श घ्यावा." टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला निवृत्तीलाही मिळाल्या नव्हत्या.

संध्याकाळी पुण्याहून मल्हारचा फोन आला. मल्हार माझा मुलगा. उत्तरेश्वरची कामगिरी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो हसला असता तर मी निर्धास्त झोपलो असतो. तो हसला नाही. म्हणाला, किती बारीक झालात अण्णा. मी म्हणालो, शिंप्यानं पँट सैल शिवली. त्यानं ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दसऱ्याला येतो. येताना काटा आणतो. वजन भरलं तर खुशाल राहा तिथं. नाहीतर बॅग भरायची, पुण्याला चलायचं. ह्या वेळी मी ऐकणार नाही."

तो कधी आवाज चढवत नाही. म्हणूनच त्याचं बोलणं मागं घेता येत नाही. हा त्याच्या आईचा गुण.

पुणं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लिफ्ट आहे, सून समृद्धी स्वभावानं चांगली आहे. पण म्हाळसा त्या घरात पाहुणी म्हणून दोनदा गेली, तेवढीच. तिथं तिची कुठलीच जागा नाही. इथं चूल आहे, न्हाणीचा दगड आहे, तिनं खिळा चुकीच्या जागी ठोकून माझ्याशी भांडण केलेली भिंत आहे. मला इथंच राहायचं होतं. त्यासाठी दसऱ्यापर्यंत भूक लागायला हवी होती.

मी शेवटचा भुकेला कधी होतो ते आठवू लागलो, तर आठवेना. मग ध्यानात आलं की मला भूक लागली आहे हे मला म्हाळसाच सांगायची. ड्यूटीवरून आलो की ती तोंडाकडं बघून म्हणायची, भूक लागली असंल. आणि लगेच लागायची.

पहिलं काम वजन करण्याचं. उत्तरेश्वरच्या दुकानात पोत्यांचा काटा आहे, त्यावर मी ज्वारीच्या पोत्याशेजारी उभा राहिलो. त्यानं आकडा वाचला, पेन्सिल कानामागून काढली आणि त्यातून थोडं वजा केलं. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, कडता. भुसार धंद्यात मालात ओल असते, माती असते, बारदाना असतो, त्यापोटी जे वजन कापतात तो कडता. मी म्हणालो, मी माल नाही. तो म्हणाला, "अण्णा, हात सवयीचा हाय. तुम्ही उन्हातून आलाव म्हणून ओल कमी धरली." काप म्हणावं तर माझंच वजन जातं, कापू नको म्हणावं तर तो पुन्हा पहिल्यापासून तोलतो आणि पुन्हा कापतो. शेवटी आमच्यात भांडण नको म्हणून मी उतरलो.

खात्रीचा काटा अंगणवाडीत आहे असं कळलं. सेविका सोनाली पोरगी गुणाची. तिनं काटा पुढं ठेवला आणि मोबाईल उघडला. म्हणाली, ॲपमध्ये वजन भरल्याशिवाय काटा वापरता येत नाही, आणि ॲपमध्ये बालक, गरोदर माता आणि स्तनदा माता एवढेच रकाने आहेत. मी तिला म्हणालो, बाळ, मग नोंद न करता तोल. ती म्हणाली, काटा बाहेर काढल्याची नोंद आधीच पडली आहे, आता कुणाचं तरी वजन भरावंच लागेल. बाहेर रांगेत बसलेल्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी कंट्रोलर होण्याआधी कंडक्टर असताना विनातिकीट माणसाला उतरवलं आहे. उतरताना त्याचं तोंड कसं होतं हे मला त्या दिवशी आतून कळलं. मी निघून आलो. मागं तिनं काय भरलं ते मी विचारलेलं नाही.

मग धाराशिवला जाऊन डॉक्टर गाठल्या. प्रतीक्षा नावाची तरुण बाई, मल्हारपेक्षा लहान. त्यांनी रक्त तपासलं, पोट दाबलं, फोटो काढला. सगळं ठीक निघालं. मी म्हणालो, मग भूक कुठं गेली? तेव्हा त्यांनी कागद घेऊन समजावलं. पोट रिकामं झालं की त्यातून घ्रेलिन नावाचं रसायन रक्तात सुटतं. ते मेंदूत जातं. तिथं हायपोथॅलॅमस म्हणून बदामाएवढा एक भाग आहे. तिथल्या पेशींवर त्याला धरून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांनी धरलं की मेंदूला निरोप पोचतो, जेवा. अंगातल्या चरबीतून लेप्टिन म्हणून दुसरं रसायन जातं, त्याचाही रिसेप्टर तिथंच. ते सांगतं, आता बास. दोन्हींचा हिशेब जमून माणूस जेवतो आणि उठतो. पण मोठं दुःख झालं, ताण आला, की मेंदू ह्या निरोपाकडं लक्ष देईनासा होऊ शकतो. काहींचं उलटं होतं, ते जास्त खातात. काहींचं माझ्यासारखं होतं.

मी म्हणालो, म्हणजे पोटातून गाडी वेळेवर सुटते, मेंदूच्या फलाटालाही येते, पण खिडकीत कंट्रोलर नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "कंट्रोलर आहे, काका. नोकरी सोडून गेलेला नाही. मान खाली घालून बसलाय, एवढंच."

मला चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी सांगितलं, घ्रेलिन सवयीच्या जेवणवेळेच्या आधीच वाढायला लागतं. म्हणून भूक असो नसो, रोज ठरल्या वेळेला ताटावर बसा. एकटे बसू नका. स्वयंपाकाचा वास येऊ दे. ह्याला वेळ लागतो. मी विचारलं, दसऱ्यापर्यंत होईल? त्या म्हणाल्या, मेंदूला दसरा कळत नाही.

वेळापत्रक हा माझाच विषय. मी घरी येऊन लगेच भिंतीवर तक्ता लावला. पण गावात तोवर वेगळीच बातमी पोचली होती. परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला मी रिसेप्टर समजावून सांगितला होता. तेरला उतरेपर्यंत त्याचं असं झालं होतं की सिदूअण्णाच्या, म्हणजे माझ्या, डोक्यातलं स्टँड बंद पडलं आहे. दोघं जण येऊन डोक्याला तेल लावून गेले. एकानं तर मला स्वतःच्या मुलाचं नाव विचारून खात्री करून घेतली.

एकटं बसायचं नाही, म्हणून उत्तरेश्वर पुढं आला. व्हिडिओ काढल्याचं त्याच्या मनाला लागलं असावं. त्याचं म्हणणं, जेवणाऱ्या माणसाकडं बघितलं की बघणाऱ्याला भूक लागते, तेव्हा मी समोर बसून जेवतो, तुम्ही बघा. मी येसराचा मसाला घालून आमटी करायचो, भाकऱ्या मेसमधून आणायचो. तो बरोबर वेळेवर यायचा. तो ताटाकडं बघायचा, मी त्याच्याकडं बघायचो. आमटीत मीठ कमी आहे, उद्या ठेचा वाढव, असल्या सूचना तो जेवताजेवता द्यायचा. माझ्या गळ्याखाली चतकोर भाकरी उतरायची, तीही पाण्याबरोबर. त्याच्या दुकानात आम्ही दोघंही काट्यावर चढायचो. त्याचा आकडा वर चालला होता आणि माझा खाली. स्वतःच्या वजनातून तो कडता कापत नाही हे मी तेव्हा बघितलं. पुढं त्याची बायको सिताबाई माझ्या दारात आली. नवरा रात्री घरी जेवत नाही, विचारलं तर सांगतो की औषधोपचार चालू आहेत, तर हे उपचार नक्की कुणावर चालले आहेत, असं तिनं विचारलं. उपचार बंद झाले.

भाद्रपद सरत आला. पंधरवड्यात म्हाळसाचं पान वाढलं, सगळे जेवले, मी वाढत राहिलो. मल्हार फोनवर आता वजन विचारत नव्हता. त्यानं माझ्यासाठी तिथं पलंग घेतला होता. ही बातमी त्यानं सहज सांगितली. मी छान म्हणालो आणि फोन ठेवला.

कडूबाई आमच्या मागच्या आळीची. शेरडं राखते, म्हाळसाची मैत्रीण. तेरणा नदीकाठून शेरडं घेऊन येताना ती माझ्या दारात थांबली आणि बाजारात बकरं बघावं तसं मला बघितलं. मला वाटलं, आता बरगडी चाचपते की काय. मी तिला घ्रेलिन सांगितलं, फलाट सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जोडीतलं एक गेलं की दुसरं चारा सोडतंय, भावजी," ती म्हणाली. "आमी त्याला एकटं बांधत न्हाय. कळपात सोडतो. तुमी त्या उत्तरेश्वरासंगं एका दावणीला बांधून घेतलं. त्यानं हुतंय व्हय?"

मग तिनं आत बघितलं. देवघराशेजारी खिळ्याला म्हाळसाची परडी टांगलेली होती. आमच्याकडं तुळजाभवानीची परडी आहे. दर मंगळवारी ती वेताची टोपली घेऊन, गळ्यात कवड्यांची माळ घालून पाच घरी जोगवा मागायचा. मूठभर पीठ, चिमूटभर मीठ. त्या पिठाची भाकरी घरात खायची. म्हाळसा गेल्यापासून परडी हलली नव्हती. रिवाजानं ती सुनेकडं जायची, पण समृद्धीला सांगायचं कुणी?

कडूबाई म्हणाली, पाच घरं फिरा. मी म्हणालो, मी पेन्शनर माणूस. ज्यांच्या दारात मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसतो, त्यांच्या दारात पीठ मागू?

"म्हाळसाबाई मागायची तवा ती कंट्रोलरची बायकू नव्हती व्हय?"

एवढं बोलून ती शेरडांमागं गेली. मी परडी खिळ्यावरून उतरवली आणि पुसून ठेवली.

मंगळवारी डोक्यावर टोपी घालून निघालो. माळ सदऱ्याच्या आत घातली, लोकांना दिसू नये म्हणून. पहिलं घर म्हातारी धुरपदाबाईचं. दारात उभा राहिलो. देवीचा उदोकार करायचा असतो. तोंड उघडलं, छाती भरून घेतली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आवाज निघाला, "लक्ष द्या."

आतून धुरपदाबाई म्हणाली, "कुठली लागली रं?"

मी परत फिरणार होतो. पण तोवर ती पिठाची वाटी घेऊन बाहेर आली होती. परडी बघितली, मला बघितलं, आणि काही न विचारता ओंजळभर पीठ घातलं. वर म्हणाली, म्हाळसा बसायची तिथं बस जरा. मी उंबऱ्याशेजारच्या दगडावर बसलो. तिथं म्हाळसा बसायची हे मला माहीत नव्हतं.

पाच घरं झाली. सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सिताबाई पुन्हा दारात. आमच्या दारावरून गेलात, आत आला नाहीत, आमचं पीठ किडकं आहे का, असा सवाल. तिच्यामागोमाग आणखी दोन घरं रुसली. शेवटी मी फेरीचा तक्ता केला. कुठल्या मंगळवारी कुठली पाच घरं, आणि नवरात्रात तर रोज. घरंही हुशार झाली. मी वेळेचा पक्का म्हणून लोक मला बघून घड्याळ लावू लागले, आणि जरा उशीर झाला की चौकशी व्हायची, आज वाटेत पंक्चर का? टोपी उन्हात नकोशी झाली. माळ सदऱ्याबाहेर कधी आली ते मलाही कळलं नाही.

पिठाचा मात्र वांधा होता. एका घरची ज्वारी, एका घरची बाजरी, कुणाचे गहू, कुणी घाईत बेसन घातलेलं. त्याची भाकरी थापायला गेलो की तव्यावर फाटायची. कडूबाईच्या ओसरीवर तिच्याच देखरेखीखाली मी ती थापायचो आणि तिथंच खायचो. देवीच्या नावानं आलेलं पीठ टाकता येत नाही, म्हणून ताटात ठेवायची सोय नव्हती. फाटलेली असो, करपलेली असो, संपवावी लागायची. त्यामुळं खाणं वाढलं. पण भूक लागली असं म्हणवत नव्हतं. मस्टरवर सही करावी तसं जेवत होतो.

दसरा आला. मल्हार आणि समृद्धी सकाळीच आले. मल्हारनं पिशवीतून काचेचा काटा काढला. बातमी लागून उत्तरेश्वर आणि सिताबाई आले, कडूबाई आली, धुरपदाबाई नातीचा हात धरून आली. मी फेरीला निघायच्या बेतात होतो. मल्हार म्हणाला, आधी हे.

मी काट्यावर उभा राहिलो. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, ती जुनी, कुठं उचललेली, कुठं दबलेली. दाराजवळ एक आकडा आला, देवघरासमोर दुसरा, स्वयंपाकघरात तिसराच. स्वयंपाकघरातला सगळ्यांत मोठा. जमलेल्या लोकांचं मत पडलं की घरातली खरी फरशी स्वयंपाकघराचीच. मल्हारनं तोही आकडा धरला. तरी पुरला नाही. खाली गेलेला काटा थोडा वर आला होता, एवढंच.

"बॅग भरा, अण्णा," तो म्हणाला.

मी पलंगावर बसलो. समृद्धीनं खाली बसून माझी बॅग उघडली. कडूबाई उठून तिच्या घरी गेली, तव्याखाली जाळ घालायची तिची वेळ झाली होती. माझी फेरीची वेळ टळत चालली होती. मागच्या दारानं भाजलेल्या पिठाचा वास आला. आणि खोलीत आवाज झाला. मला आधी बाहेर मोटरसायकल सुरू झाल्यासारखी वाटली. मग पुन्हा झाला. तेव्हा कळलं की तो माझ्या पोटातून येतो आहे. पोटात खड्डा पडला होता, तोंडाला पाणी सुटलं होतं, हात हलके झाले होते. तोंडाकडं बघून सांगणारं कुणी नव्हतं.

"मल्हार," मी म्हणालो, "मला भूक लागली."

सिताबाईनं पदर डोळ्याला लावला. मल्हार भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीवर शर्ट नुसता टांगल्यासारखा होता. आल्यापासून मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं. तो मला बघायला आला आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

समृद्धी बॅग सोडून उठली. म्हणाली, "अण्णा, आता ह्यांना उभं करा काट्यावर."

तो नको म्हणाला. काही गरज नाही म्हणाला. तिनं काटा स्वयंपाकघरातल्या त्याच फरशीवर ठेवला आणि वाट बघत राहिली. शेवटी तो चढला. मी आकडा बघितला. तिनं जूनच्या आधीचा आकडा सांगितला. फरक माझ्याहून जास्त होता. त्याच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती. पोत्यापोत्याला कडता कापणारा उत्तरेश्वर तो आकडा बघून दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पाच घरांनी त्या दिवशी परडी भरायला मला उठू दिलं नाही. पीठ त्यांनीच आणून घातलं. कडूबाईनं भाकऱ्या टाकल्या. मी जेवलो. दीड भाकरी, वर ठेचा, वर पुन्हा चतकोर. मला त्याची लाज वाटत होती आणि हात थांबत नव्हता. मल्हार शेजारी बसून भाकरीचा तुकडा बोटात फिरवत होता.

"आईच्या हातची नाही ही," तो म्हणाला.

"नाही. पाच घरची आहे."

त्यानं तो तुकडा खाल्ला. देवीचं पीठ ताटात टाकायचं नसतं हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून उरलेलीही खाल्ली. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. भुकेनं खाणारं तोंड वेगळं असतं.

बॅगेतले माझे कपडे समृद्धीनं परत कपाटात लावले. पुण्याचा विषय तिथंच संपला. दोघं दुसऱ्या दिवशी गेले.

आता मी मल्हारला रोज दुपारी त्याच्या सुट्टीच्या वेळेला फोन करतो. जेवायची वेळ झाली, एवढंच सांगतो. तो म्हणतो, हो अण्णा, बसतोच आहे. संध्याकाळी समृद्धीला विचारतो. डबा बहुतेक भरलेलाच परत येतो. डॉक्टर प्रतीक्षाबाईंचा नंबर त्याला दिला आहे, त्यानं अजून फोन केलेला नाही.

मल्हारला अजून भूक लागत नाही.